राज्य गेले, धरण राहिले
२०२५ च्या फेब्रुवारीत लिथुआनियाने दोन शेजाऱ्यांसह रशियाशी असलेली विजेची जोडणी तोडली. एवढासा देश, वस्ती आमच्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही कमी! पण विजेची कळ परक्याच्या हाती असेल तर नुसती फौज ठेवून काय उपयोग?

वाचताना मला आमचे संस्थान आठवले. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याची फौज, राजाराम रायफल्स, मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली. राहिले ते शाहू छत्रपतींनी आरंभलेले राधानगरीचे धरण. १९२२ साली महाराज गेले तेव्हा ते अपुरेच होते. पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. आज त्या पाण्यावर ऊस पोसतो, वीजही निघते. आणि पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की सारे कोल्हापूर पंचगंगेकडे डोळे लावून बसते.