चारशे एकोणतीस कोटी दारं

लॅपटॉपवर टर्मिनल उघडायचं, म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात नुसता कर्सर लुकलुकत असतो, आणि एक ओळ टाइप करायची: एनमॅप, मग वजा एसएन, मग १९२.१६८.१.०/२४. एन्टर. माझ्या घरी याचं उत्तर यायला तीन सेकंद लागतात. राउटर, दोन फोन, टीव्ही, प्रिंटर आणि आणखी एक कोणीतरी, ज्याची ओळख पटायला माझा अर्धा तास गेला. तो गीझरचा स्मार्ट प्लग निघाला. २५६ पत्त्यांवर हाक मारली, सहा जणांनी ओ दिली.

सहज मनात आलं, याच वेगाने अख्ख्या इंटरनेटला हाक मारली तर? हिशेब सोपा आहे. २५६ पत्त्यांना तीन सेकंद, तर ४,२९,४९,६७,२९६ पत्त्यांना पाच कोटी सेकंदांहून थोडे जास्त, म्हणजे सुमारे एक वर्ष सात महिने. फार वाटतात, पण आयुष्यात बसणारे आहेत. आणि प्रत्यक्षात तेवढेही लागत नाहीत. पाऊण तास लागतो. एक साधा संगणक, एक चांगली जोडणी, पाऊण तास.

हा आकडा पचायला जड जातो, म्हणून एक तुलना. २०११च्या जनगणनेत १२१ कोटी माणसं मोजायला सुमारे २७ लाख कर्मचारी घरोघरी फिरले होते. इथे त्याच्या तिप्पट दारं एकच यंत्र, दुपारच्या वामकुक्षीइतक्या वेळात ठोठावून मोकळं होतं.

४२९ कोटी हा आकडा आला कुठून? इंटरनेटचा जुना पत्ता, आयपीव्ही४, ३२ बिटांचा असतो. ३२ वेळा शून्य किंवा एक. दोनचा बत्तिसावा घात केला की हा आकडा येतो, बाकी त्यात काही गूढ नाही. १९७०च्या दशकात इंटरनेटची रचना करणाऱ्या व्हिंट सर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे पत्ता किती लांब ठेवायचा हा वाद होता, आणि सर्फ यांनी ३२ बिटांवर शिक्कामोर्तब केलं. त्यांच्या लेखी तो एक प्रयोग होता आणि प्रयोगाला ४२९ कोटी पत्ते चिकार होते. पुढे प्रयोग संपलाच नाही. १ जानेवारी १९८३ ला इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट या पत्त्यांवर आलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले शेवटचे मोकळे गठ्ठे वाटून संपले.

सगळेच पत्ते कामाचे नसतात. १२७ ने सुरू होणारे एक कोटी ६७ लाख पत्ते नुसते 'मी स्वतः' असं म्हणण्यासाठी राखलेले आहेत. स्वतःशी बोलायला एक पत्ता पुरला असता, पण तेव्हा दिलदारी होती. १० ने सुरू होणारे तेवढेच पत्ते खाजगी वापराला. २२४ पासून वरचे त्रेपन्न कोटींहून जास्त पत्ते वेगळ्याच कामांसाठी किंवा 'पुढे बघू' म्हणून ठेवलेले. हे सगळं वजा केलं की हाक मारण्याजोगे सुमारे ३७० कोटी उरतात.

बरं, पत्ता म्हणजे इमारत. प्रत्येक इमारतीला ६५,५३६ दारं, त्यांना पोर्ट म्हणतात. वेबसाइट ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या दाराआड, मेल २५ च्या, दूरवरून यंत्र चालवण्याची सोय २२ च्या. दार ठोठावायचं म्हणजे एक इवलंसं पॅकेट पाठवायचं: बोलायचं का? तिकडून 'बोल' आलं तर दार उघडं. 'चल नीघ' आलं तर बंद, पण घरात कोणीतरी आहे हे कळलं. काहीच आलं नाही तर मध्ये पहारेकरी आहे किंवा घरच नाही. स्कॅनिंग स्कॅनिंग म्हणतात ते मुळात एवढंच. मघाचा पाऊण तास हा प्रत्येक इमारतीच्या फक्त एका दाराचा होता. सगळ्या इमारतींची सगळी दारं ठोठावायची तर ६५,५३६ वेळा पाऊण तास, म्हणजे बरोबर २,०४८ दिवस. साडेपाच वर्षांहून अधिक. (२,०४८ हाही दोनचाच घात आहे. असे योगायोग या क्षेत्रात पावलोपावली भेटतात, आणि दर वेळी उगाच बरं वाटतं.)

एनमॅप हे या कामातलं जुनंजाणतं हत्यार. गॉर्डन लायन या अमेरिकी प्रोग्रॅमरने सप्टेंबर १९९७ मध्ये 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकाच्या ५१ व्या अंकात ते प्रसिद्ध केलं. त्याने घेतलेलं टोपणनाव फ्योदोर, दोस्तोयेव्हस्कीवरून. २००३ च्या 'मॅट्रिक्स रीलोडेड'मध्ये ट्रिनिटी वीजकेंद्राच्या संगणकात शिरते तेव्हा पडद्यावर खरंखुरं एनमॅप चालताना दिसतं. हॉलिवूडच्या हिशेबाने हा प्रामाणिकपणा दुर्मीळच. पण एनमॅपचा स्वभाव चौकस कारकुनाचा. कोणाला काय विचारलं, उत्तर आलं का, नाही आलं तर पुन्हा विचारायचं का, याची सगळी नोंद ठेवतो. एका कार्यालयाच्या नेटवर्कला हे उत्तम. जगाला पुरं पडत नाही.

जगाला विचारून पाहण्याचे प्रयत्न तरीही झाले. २००६ च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेने वाटप झालेल्या प्रत्येक पत्त्याला एकेक पिंग, म्हणजे नुसतं 'आहेस का?' विचारणारं पॅकेट, पाठवला. एका फेरीला साधारण दोन महिने लागले. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने जगातल्या सुरक्षित वेबसाइटींची प्रमाणपत्रं गोळा केली, त्यात सुमारे तीन महिने गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भाड्याची २५ यंत्रं लावून हेच काम २५ तासांवर आणलं. आणि ऑगस्ट २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि जे. अॅलेक्स हाल्डरमन यांनी झीमॅप जाहीर केलं. एक यंत्र, सेकंदाला एक गिगाबिटची तार, ४५ मिनिटांच्या आत. एनमॅपच्या सर्वांत आक्रमक ठरलेल्या मांडणीपेक्षा तेराशेपट वेग.

ही किमया यंत्राच्या ताकदीची नाही, विसरण्याची आहे. झीमॅप काहीच लक्षात ठेवत नाही. पाठवलेल्या पॅकेटमध्येच एक गुप्त खूण घालून देतो, उत्तर परत येताना ती खूण घेऊन येतं आणि आपणच विचारलेल्याचं हे उत्तर आहे हे पटतं. वही नाही, रांग नाही, वाट पाहणं नाही. त्यामुळे तो तारेच्या क्षमतेइतका वेग गाठतो. गिगाबिटच्या तारेवरून लहानात लहान पॅकेट सेकंदाला १४,८८,०९५ जातात, त्याहून एकही जास्त मावत नाही. ३७० कोटींना या आकड्याने भागा, साडेएक्केचाळीस मिनिटं येतात. जगाला एकदा हाक मारायला तारेवरून एकूण ३११ जीबी जातात. हल्ली एवढे तर आपल्या फोनमध्ये लग्नाचे व्हिडिओ असतात.

दुसरी युक्ती मला त्याहून आवडते. पत्ते ओळीने घेतले तर एखाद्या गरीब कॉलेजच्या नेटवर्कवर एका क्षणात हजारो हाका कोसळतील. म्हणजे पत्ते विस्कटून घ्यायला हवेत. पण ३७० कोटी पत्त्यांची विस्कटलेली यादी बनवून ठेवायची तर १५ जीबी स्मृती यादीतच जाईल. मग? १ घ्या, ३ ने गुणत जा, उत्तर ७ च्या पुढे गेलं की ७ ने भागून फक्त बाकी ठेवा. १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. सगळे आकडे आले, एकदाच आले, क्रम मात्र विस्कटलेला, आणि लक्षात ठेवायचा तो फक्त शेवटचा आकडा. झीमॅप हेच करतो, फक्त ७ च्या जागी ४,२९,४९,६७,३११ घेतो. दोनच्या बत्तिसाव्या घातानंतरची ही पहिली मूळ संख्या, जेमतेम पंधराने मोठी. वर उरणारे १५ आकडे सोडून द्यायचे. चौथी-पाचवीतला बाकीचा भागाकार, आणि त्यावर अख्ख्या इंटरनेटची प्रदक्षिणा!

पुढच्याच वर्षी दहापट जाड तार लावून ही प्रदक्षिणा ४ मिनिटं २९ सेकंदांवर आली. ४२९ कोटी पत्त्यांच्या जगाला ४ मिनिटं २९ सेकंद. हा योग फक्त कोटींत मोजणाऱ्यांनाच दिसतो, बिलियनवाल्यांना नाही.

संशोधक हे करतात तेव्हा आपण कोण, कशासाठी विचारतोय हे त्या यंत्रावर लिहून ठेवतात आणि 'आम्हाला नको' म्हणणाऱ्याला यादीतून वगळतात. सवय करून बघायची असेल तर एनमॅपवाल्यांनी 'स्कॅनमी' नावाचं एक यंत्र मुद्दाम सगळ्यांसाठी उघडं ठेवलं आहे. दुसऱ्याच्या नेटवर्कवर परवानगीशिवाय हात चालवू नये, ऑफिसच्या तर मुळीच नाही.

सगळेच असे सभ्य नसतात. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा किडा सुटला. त्याचा एकूण मजकूर ३७६ बाइटचा. देवनागरीचं एक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं, म्हणजे मराठीत सव्वाशे चिन्हांचं एक मध्यम वाक्य. हे वाक्य दर साडेआठ सेकंदांनी आपली संख्या दुप्पट करत होतं. तीन मिनिटांत त्याच्या हाका सेकंदाला साडेपाच कोटींवर पोचल्या. दहा मिनिटांत, जगातली जी यंत्रं त्याला बळी पडू शकत होती त्यांतली ९० टक्के पडलेली होती. एकूण किमान ७५ हजार. कोणी झोपेतून उठून चष्मा शोधेपर्यंत साथ येऊन बसली होती.

२०१२ मध्ये एका निनावी इसमाने तर उलटाच मार्ग धरला. ज्या राउटरांचे पासवर्ड कोणी बदललेच नव्हते, अशी सुमारे ४ लाख २० हजार यंत्रं त्याने परस्पर कामाला जुंपली आणि त्यांच्याकडून जगाची पाहणी करवून घेतली. सुमारे ४२ कोटी पत्त्यांनी पिंगला ओ दिली. नऊ टेराबाइट माहिती त्याने २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. ती बेकायदा होती आणि अभ्यासकांना हवीहवीशीही होती, त्यामुळे वापरायची की नाही यावर परिषदांमध्ये बरीच कुजबुज झाली. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन तेच केलं, पण पाहणीसाठी नाही. ऐन भरात त्याच्या ताब्यात सुमारे सहा लाख यंत्रं होती, त्यांत कॅमेरे भरपूर.

'आपल्या कॅमेऱ्यात कोणाला काय रस असणार' हे वाक्य मी ओळखीच्यांकडून किती वेळा ऐकलं असेल. रस नसतोच. ४२९ कोटींमध्ये आपण लपून जाऊ असं जे वाटतं ते गर्दीच्या सवयीतून. गर्दीत माणूस लपतो कारण शोधणारा दमतो. इथे शोधणारा दमत नाही, निवडतही नाही, तुमच्या दाराशी तो दिवसातून बत्तीस वेळा येऊ शकतो. आकडा म्हणून ४२९ कोटी आता लहान गावाएवढा उरला आहे, जिथे कोणाच्या दाराला कडी नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मग खरोखर मोठा आकडा कोणता? आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा. एकूण पत्त्यांची संख्या ३९ अंकी, ती इथे लिहीत नाही, कारण ती वाचून काहीच कळत नाही. त्यातला छोटा तुकडा घेऊ. एका घराला सहसा निदान ६४ बिटांचा वाटा मिळतो: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ पत्ते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत गेल्यावर राजाचं कोठार रिकामं होतं ना, त्या सगळ्या दाण्यांहून बरोबर एक जास्त. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त संख्यांची अठरा स्थानं दिली आहेत, एकपासून परार्धापर्यंत. त्यांच्या यादीतली शेवटची संख्या परार्ध. एका घराच्या वाट्याला असे १८४ परार्ध आले आहेत, आणि त्यात राहणार सहा यंत्रं. त्यांतला एक गीझरचा प्लग.

त्याच गिगाबिटच्या तारेने, सेकंदाला १४ लाख ८८ हजारांच्या वेगाने, या एका घराची सगळी दारं ठोठावायला सुमारे ३ लाख ९३ हजार वर्षं लागतील. आपली जात, होमो सेपियन्स, पृथ्वीवर येऊन तीन लाखांच्या आसपास वर्षं झाली. पहिल्या माणसाने सुरुवात केली असती तरी आतापर्यंत पाऊणच काम झालं असतं.

पण पत्ता नेमायची एक जुनी पद्धत होती. यंत्राच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातच कोरलेला ४८ बिटांचा क्रमांक घ्यायचा, त्याच्या बरोबर मधोमध 'एफएफएफई' ही ठरावीक खूण खुपसायची, झाले ६४ बिट. त्या ४८ बिटांतले पहिले २४ बनवणाऱ्या कंपनीचे असतात आणि ते सार्वजनिक यादीत मिळतात. म्हणजे नेटवर्कचा पुढचा भाग आणि कंपनी ठाऊक असेल तर शोधायचे उरतात फक्त शेवटचे २४ बिट, एक कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते. त्याच तारेवर ११ सेकंद. फोन आणि लॅपटॉप ही पद्धत सोडून आता मनाला येईल तो पत्ता घेतात आणि तो बदलतही राहतात. सर्व्हर सांभाळणारी माणसं मात्र १८४ परार्धांतून हाताने पत्ता निवडायची वेळ आली की पुष्कळदा १ निवडतात. फारच कल्पक असेल तर 'कॅफे', कारण ती अक्षरं षोडशमान अंकांत बसतात.

काल रात्री घरच्या प्रिंटरचा आयपीव्ही६ पत्ता काढून पाहिला. मधोमध एफएफएफई.