वेदनाकथनाची अचूकता

चिरकारी (तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या) वेदनेचा रुग्ण तिची जी तीव्रता सांगतो ती कितपत विश्वसनीय असते, हे पारखण्याच्या पद्धतींचा या विषयात अंतर्भाव होतो. ज्वर तापमापकाने मोजता येतो. वेदनेस असा बाह्य मानदंड नाही. हार्डी, वुल्फ व गुडेल या अमेरिकन संशोधकांनी १९४० नंतरच्या दशकात कपाळावर उष्ण प्रारण पाडून ‘डोल’ हे वेदनेचे एकक सुचविले. परंतु त्याने मोजली गेली ती प्रयोगशाळेत उत्पन्न केलेली वेदना, रुग्णाची स्वतःची नव्हे. परिणामी रुग्णाचे कथन हेच मुख्य साधन राहिले. त्यासाठी शून्य ते दहा हे अंक, १० सेंमी. लांबीची रेषा, तसेच रॉनल्ड मेल्झॅक यांची ७८ वर्णनात्मक शब्दांची मॅक्गिल प्रश्नावली (१९७५) ही साधने वापरतात.

कथनातील पहिला दोष स्मृतीचा होय. गेल्या आठवड्यातील वेदना आठवताना तिचा कळस व शेवट यांचाच ठसा प्रबळ ठरतो. म्हणून रोजच्या रोज नोंद ठेवण्यास सांगतात. पण तीही निर्दोष नसते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कागदी रोजनिशीत प्रकाशसंवेदक लपविले होते. रुग्णांच्या लेखी ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या, प्रत्यक्षात वेळेवर झालेल्या नोंदी केवळ ११ टक्के होत्या. इलेक्ट्रॉनिक रोजनिशीत हेच प्रमाण ९४ टक्के आढळले. तेव्हा दोष रुग्णांच्या सचोटीपेक्षा साधनाचा अधिक होता, असे म्हणावे लागते.

दुसऱ्या पद्धतीत हातावर निरनिराळ्या तीव्रतेचे उष्ण उद्दीपक अनियमित क्रमाने पुनःपुन्हा देतात व उद्दीपक आणि सांगितलेला अंक यांचा मेळ पाहतात. मेळ चांगला असणाऱ्या रुग्णांत औषधी गुण नसलेल्या गोळीनेही बरे वाटण्याचे प्रमाण कमी आढळते. औषध-चाचण्यांत याला महत्त्व आहे, कारण अशा गोळीचा प्रभाव मोठा असल्यास खऱ्या औषधाचा गुण झाकला जातो.

मात्र या कसोटीने तपासली जाते ती सुसंगती, सत्यता नव्हे. अंकांत चढउतार असणाऱ्या रुग्णाची वेदना खोटी, असा निष्कर्ष विमा वा नुकसानभरपाईच्या दाव्यात काढणे अशास्त्रीय होय. आंतरराष्ट्रीय वेदना-अध्ययन संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येच्या टिपांत रुग्णाच्या कथनाचा आदर राखावा, असे नमूद केले आहे. अर्भके व प्रगत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण यांना वरील पद्धती लागू पडत नाहीत. त्यांच्याबाबत मुद्रा, रडणे-कण्हणे व हालचाल यांच्या निरीक्षणावर अवलंबून राहावे लागते.