न दुखणारा पाय

'सिस्टर, जखम दुखतच नाही, म्हणजे भरत आलीय.' मधुमेही रुग्णाच्या पायाची पट्टी सोडताना नर्सला हे हमखास ऐकावं लागतं. खरं तर भीती तिथेच असते. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चपलेतून वर आलेला खिळा टोचतो, पण कळत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा देवळाच्या फरशीवरही तळवा भाजतो आणि फोड दिसतो तो रात्री. तिथल्याच सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे अनवाणी चालण्याची अनेकांची श्रद्धा असते. पाय बधिर असेल त्याने मात्र चप्पल काढू नये. सिद्धेश्वर त्याचा राग धरतील, असं वाटत नाही.

बधिरपणा तपासायला नायलॉनचा एक जाड दोरा पुरतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगून नर्स तो अंगठ्याखाली, चवड्यावर टेकवते आणि वाकेपर्यंत दाबते. वाकला की सुमारे १० ग्रॅम दाब पडला. त्यावर 'अजून लावलाच नाही की!' असं उत्तर आलं, तर त्या माणसाला दुखण्यावर भरवसा ठेवता येणार नाही. मग दुखण्याचं काम डोळ्यांनी करायचं. रोज रात्री तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. वाकता येत नसेल तर आरसा घ्यायचा, नजर कमी असेल तर सुनेला नाहीतर नातवाला दाखवायचं. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा.

'मिठाच्या गरम पाण्यात पाय शेकले की बरं वाटतं,' हा सल्ला घरोघरी मिळतो. बधिर पायाला पाणी किती गरम आहे तेच समजत नाही, त्यामुळे शेकता शेकता कातडी सोलवटते. पाय कोमट पाण्याने धुवावेत, पाणी आधी कोपराने पाहावं आणि बेचक्या कोरड्या कराव्यात. कुरूप ब्लेडने घरी कापू नये. जखमेत कुणी हळद भरतं, कुणी विडीतला तंबाखू. दोन्हींमुळे जखम आतून कशी आहे ते दिसत नाही आणि जंतूंना वेळ मिळतो. जखम उघडी ठेवून वाळवली की लवकर भरते, हेही खरं नाही. स्वच्छ पट्टीखालच्या ओलाव्यात नवी कातडी सहज धरते. पट्टी कितीही चांगली असली, तरी त्याच पायावर भार देत यंत्रमागावर उभं राहिलं तर जखम भरत नाही. हे सांगणं सोपं आहे. ज्याची रोजंदारी बुडते त्याला ते पाळणं अवघड.

इन्सुलिनची 'सवय लागते' म्हणून नको म्हणणारे बरेच भेटतात. ते व्यसन नव्हे. ऑपरेशन किंवा मोठी जखम असताना साखर आटोक्यात आणायला ते बहुतेकदा लागतंच, आणि पुढे काही जणांना गोळ्यांवर परतताही येतं.

सर्वांत महाग पडणारा समज म्हणजे 'सर्जनने हात लावला की पाय जातो.' सडलेला भाग वेळेवर काढतात तो उरलेला पाय वाचावा म्हणून. बोट काळं पडलं, वास आला, लाली वर सरकली किंवा थंडी वाजून ताप आला, तर दुखत असो वा नसो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.