हंसाच्या बोलीचं गणित

पोलंडमधल्या ल्वूफ शहरात 1930 च्या दशकात एकदा 17 तासांची बैठक झाली. जागा होती स्कॉटिश कॅफे, आणि बसले होते स्टेफान बानाख, स्तानिस्वाव माझूर आणि स्तानिस्वाव उलाम हे तीन गणितज्ञ. उठले ते फक्त जेवणापुरते. कॅफेतली टेबलं संगमरवरी होती, त्यांच्यावर शिसपेन्सिलीने सरळ लिहिता येई, त्यामुळे कागद मागवावा असं कोणाच्या मनातही आलं नाही. त्या बैठकीत एका महत्त्वाच्या प्रमेयाची सिद्धता हाती लागली होती, असं त्या मंडळींच्या वर्तुळात पुढे सांगत. ती नेमकी काय होती, हे आज कोणालाच सांगता येत नाही. रात्री कॅफे बंद झाल्यावर सफाई करणाऱ्या बाईंनी रोजच्यासारखं फडकं मारलं असणार, एवढाच त्या गोष्टीचा शेवट.

ल्वूफ म्हणजे आजच्या युक्रेनमधलं ल्विव्ह. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत ते पोलंडचं विद्यापीठाचं शहर होतं. तिथल्या गणितज्ञांची संघटना होती, तिच्या सभा बहुधा शनिवारी संध्याकाळी होत. निबंध वाचले जात, चार प्रश्न विचारले जात, सभा संपे. खरी सभा त्यानंतर सुरू होई. मंडळी विद्यापीठाजवळच्या आकादेमित्स्का रस्त्यावर येत, आधी रोमा नावाच्या कॅफेत आणि पुढे काही पावलांवरच्या स्कॉटिश कॅफेत. उलामने आपल्या आठवणींत या बैठकांचं जे वर्णन केलं आहे, ते वाचून जरा गंमतच वाटते. बोलणं थोडंच. कोणी एखादं वाक्य टाकायचं, टेबलावर दोन ओळी खरडायच्या, कोणीतरी हसायचं, आणि मग बराच वेळ सगळे कॉफीचे घोट घेत एकमेकांकडे नुसते बघत बसायचे. बाहेरच्या माणसाला हे रिकामटेकड्यांचं टोळकं वाटलं असतं तर नवल नाही.

या कट्ट्याचा मध्य होता बानाख. त्याचा जन्म 1892 चा, क्राकूफचा. इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट, गणिताची पदवी नाही. वाजणारं संगीत, माणसांचा गलबला असला तरी त्याचं काम अडत नसे. उलट तेच त्याला मानवे. बैठकीत त्याच्यापेक्षा जास्त वेळ टिकणं किंवा त्याच्याबरोबरीने पिणं अवघड, असं उलामने लिहिलं आहे. पगार पुरत नसे, कर्ज कायम, म्हणून तो शाळेची पाठ्यपुस्तकं लिही. याच माणसाचं 1932 सालचं रेषीय क्रियांवरचं पुस्तक आधुनिक विश्लेषणाच्या पायांपैकी एक मानलं जातं आणि त्याच्या नावाचे ‘बानाख अवकाश’ आज जगभरच्या विद्यापीठांत शिकवले जातात.

तो गणितात आला तोही एका बागेतल्या बाकावरून. 1916 मध्ये क्राकूफच्या प्लांती उद्यानात ह्यूगो स्टाइनहाउस फिरत होता. हा ग्योटिंगेनला शिकून आलेला, कपड्यांपासून भाषेपर्यंत नीटनेटका गृहस्थ. चालता चालता त्याच्या कानावर ‘लेबेग’ हे नाव पडलं. लेबेग या गणितज्ञाचं काम तेव्हा इतकं नवं होतं की बागेत त्याचा उच्चार ऐकू येणं अजबच. स्टाइनहाउस थबकला, वळला आणि बाकावरच्या दोन तरुणांशी बोलायला गेला. एक होता ओट्टो निकोदिम, दुसरा बानाख. स्वतः अडकून पडलेला एक प्रश्न स्टाइनहाउसने त्यांना सांगितला. काही दिवसांत बानाख उत्तर घेऊन आला. आपला सर्वांत मोठा गणिती शोध कोणता, तर बानाख, असं स्टाइनहाउस पुढे म्हणत असे.

पण हाच स्टाइनहाउस स्कॉटिश कॅफेत फारसा रमला नाही. त्याला त्याच रस्त्यावरची मिठाई आणि केकची दुकानवजा खानावळ आवडे. कट्ट्याला हजेरीपट नसतो, हे बरंच असतं.

टेबलावरचं गणित पुसलं जातं, याचा कंटाळा अखेर बानाखच्या पत्नीला, लूत्सियाला आला. तिने एक जाडजूड वही विकत आणली. ती कॅफेतच राहू लागली. कोणी मागितली की वेटर आणून देई, काम झालं की परत ठेवून घेई. एका बाजूच्या पानावर प्रश्न लिहायचा, समोरचं पान उत्तरासाठी कोरं सोडायचं. पहिली नोंद बानाखची, 17 जुलै 1935 ची. पुढच्या सहा वर्षांत 193 प्रश्नांपर्यंत मजल गेली आणि गणिताच्या जगात ही वही ‘स्कॉटिश बुक’ म्हणून ओळखली जाऊ लागली. स्कॉटलंडशी तिचा काडीचा संबंध नाही.

विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रश्न छापायचा तर तो घासूनपुसून, शंभरदा तपासून द्यावा लागतो. वहीत मात्र कालच सुचलेला, कदाचित उद्या बावळट ठरणारा प्रश्नही लिहून ठेवता येई. काहींची उत्तरं त्याच संध्याकाळी निघत. काहींना दशकं लागली.

आणि बक्षिसं! प्रश्न विचारणाऱ्याने तो सोडवणाऱ्याला काय द्यायचं, हे बऱ्याचदा सोबत लिहिलेलं असे. एक छोटी बिअर, पाच छोट्या बिअर, वाइनची बाटली. स्टाइनहाउसने एका प्रश्नाला तिहेरी दर लावला होता. पूर्ण आकडेमोड करून दाखवणाऱ्याला 100 ग्रॅम कॅव्हिआर, नुसती सिद्धता देणाऱ्याला छोटी बिअर, आणि म्हणणं खोटं पाडणाऱ्याला छोटा कप कॉफी. स्वतःला चूक ठरवणाऱ्याला त्याने कॉफीवर भागवलं, यात त्याचा स्वभाव दिसतो. बाहेरगावचे पाहुणे आपापल्या गावचा पदार्थ लावत. जिनिव्हाच्या प्राध्यापकाने फोंड्यू लावलं, केंब्रिजच्या एकाने तिथल्या एका उपाहारगृहातलं जेवण. जॉन फॉन नॉयमनने व्हिस्कीची बाटली लावली, तीही ‘शून्याहून अधिक मापाची’, म्हणजे गणितज्ञालाच कळावा असा विनोद करून.

ही चेष्टा असली तरी निरुपयोगी नव्हती. बक्षिसावरून प्रश्न किती अवघड वाटतो, याचा अंदाज यायचा. म्हणूनच 6 नोव्हेंबर 1936 रोजी माझूरने 153 व्या प्रश्नाखाली ‘एक जिवंत हंस’ असं लिहिलं, तेव्हा बसलेल्यांना कळलं असणार की हे प्रकरण बिअरवर मिटणारं नाही. प्रश्न ढोबळ शब्दांत असा होता : एखादा चढउताराचा सलग पृष्ठभाग घेतला, तर त्याच्याच उभ्या आणि आडव्या कापांची जुळणी करून तो हवा तितका हुबेहूब पुन्हा उभा करता येईल का?

वहीतले सगळे प्रश्न इतके अमूर्त नव्हते. स्टाइनहाउसचा डोळा तर कायम स्वयंपाकघरात, दुकानात, खिशात. त्याचा 123 वा प्रश्न पुढे असा मांडला गेला : मांस कापायच्या यंत्राखाली हॅमचा तुकडा असा ठेवता येईल का, की एकाच सरळ कापात मांस, हाड आणि चरबी या तिन्हींचे नेमके दोन-दोन सारखे भाग होतील? तुकडा कितीही वेडावाकडा असो. उत्तर ‘होय, नेहमीच’ असं आहे, आणि ते बानाखने दिलं. त्यासाठी वापरलेलं प्रमेय उलामला आधी सुचलेलं आणि कारोल बोर्सुकने सिद्ध केलेलं. त्याच प्रमेयातून हेही निघतं, की या क्षणी पृथ्वीवर एकमेकांच्या अगदी विरुद्ध बाजूंना अशा दोन जागा आहेतच, जिथे तापमान सारखं आहे आणि हवेचा दाबही. खाटकाच्या दुकानापासून हवामानापर्यंतचा हा प्रवास एका कापाचा.

वाटणीचा प्रश्नही तसाच घरगुती. दोघांत केक वाटायचा तर एकाने कापावा, दुसऱ्याने निवडावा, हे पोरांनाही ठाऊक असतं. तीन किंवा दहा जण असतील तर? स्टाइनहाउसने तिघांचं कोडं सोडवलं, मग बानाख आणि ब्रोनिस्वाव क्नास्टर यांनी कितीही जणांसाठी पद्धत काढली. पहिल्याने आपल्या मते रास्त वाटा कापायचा. तो हातोहात फिरवायचा. ज्याला तो जास्त वाटेल त्याने तासून लहान करायचा, तासलेला भाग उरलेल्या केकमध्ये घालायचा. सर्वांत शेवटी ज्याने सुरी लावली, तो तुकडा त्याचा. मग उरलेल्यांनी पुन्हा पहिल्यापासून. हाव धरून जास्त ठेवणारा इथे दुसऱ्याच्या फायद्याचा ठरतो आणि अति तासणारा स्वतःच्या तोट्याचा. 1948 मध्ये स्टाइनहाउसने हे अर्थशास्त्राच्या नियतकालिकात मांडलं आणि न्याय्य वाटपाच्या अभ्यासाची एक शाखाच उभी राहिली. वडिलोपार्जित जमिनीची मोजणी पाहिलेल्या वाचकाला ती पद्धत सात-बारावर का चालत नाही हे लगेच कळेल, पण तो वेगळा विषय.

बानाखच्या सिगारेटींवरून स्टाइनहाउसने एका गौरवाच्या भाषणात केलेल्या थट्टेतून आणखी एक कोडं निघालं. दोन खिशांत दोन काडेपेट्या आहेत. काडी हवी असली की हात कुठल्याही खिशात जातो. एक दिवस पेटी उघडावी तर ती रिकामी. दुसरीत किती काड्या उरल्या असतील? प्रत्येक पेटीत सुरुवातीला 50 धरल्या तर सरासरी उत्तर सुमारे 7 येतं. संभाव्यतेच्या पाठ्यपुस्तकांत हे ‘बानाखच्या काडेपेट्यांचं उदाहरण’ म्हणून आजही भेटतं.

या कॅफेचं चित्र फार गुलाबी रंगवू नये. टेबलाभोवती सगळे सारखे होते, पण विद्यापीठाच्या दारात नव्हते. युलियुश शाउडरसारखा मोठा गणितज्ञ शाळेत शिकवून पोट भरत होता. त्या काळच्या पोलंडमध्ये ज्यू असणाऱ्याला प्राध्यापकी मिळणं दुरापास्त होतं. उलामलाही तिथे भविष्य दिसलं नाही, म्हणून तो अमेरिकेला गेला. दर उन्हाळ्यात परत येई, तो 1939 पर्यंत. त्या वर्षी युद्धाची चिन्हं दिसू लागल्यावर वहीचं काय करायचं, यावर त्याचं आणि माझूरचं बोलणं झालं. पेटीत घालून फुटबॉलच्या मैदानात गोलपोस्टजवळ पुरावी, असा बेत होता.

सप्टेंबरात सोव्हिएत सैन्य शहरात आलं. रशियन गणितज्ञही कॅफेत येऊन वहीत प्रश्न लिहून गेले. त्याच राजवटीने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलं. त्यांच्यापैकी सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार जण 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले, हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. वहीतली शेवटची नोंद स्टाइनहाउसची, 31 मे 1941 ची, पेटीतल्या काड्यांच्या संख्येबद्दलची. महिन्याभरात जर्मन आले. जुलैत त्यांनी ल्वूफच्या प्राध्यापकांना गोळ्या घातल्या. त्यांत स्तोझेक आणि वोमनित्स्की हे गणितज्ञ होते. शाउडर 1943 मध्ये मारला गेला. बानाख जगला तो टायफसची लस बनवणाऱ्या रुडोल्फ वाइग्लच्या संस्थेत उवांना स्वतःचं रक्त पाजून. उवांचे छोटे पिंजरे पायाला बांधत. युद्ध संपल्यावर ऑगस्ट 1945 मध्ये तो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला.

स्टाइनहाउस खोट्या नावाने खेड्यात लपून राहिला. पुस्तकं नाहीत, सहकारी नाहीत. हाती येई ते स्थानिक वर्तमानपत्र, त्यात जर्मन सैनिकांच्या मृत्यूच्या जाहिराती. कोणाचा दुसरा मुलगा पडला, कोणाचा तिसरा, असं त्यांत लिहिलेलं असे. त्या उल्लेखांच्या प्रमाणावरून आघाडीवर एकूण किती जर्मन मेले असावेत, याचा अंदाज तो बांधत बसला.

वही मात्र बचावली. बानाखच्या कुटुंबाने ती व्रोत्सवाफला नेली. तिथे स्टाइनहाउसने युद्धानंतर तशीच नवी वही सुरू केली होती. जुनीची नक्कल करून त्याने ती उलामला अमेरिकेत लॉस अलामोसला पाठवली. उलामने इंग्रजी भाषांतर करून 1957 मध्ये 300 प्रती काढल्या आणि वाटल्या. 153 व्या प्रश्नाचा तिढा 1972 मध्ये स्वीडनच्या पेर एन्फ्लोने सोडवला. उत्तर होतं, ‘नाही, नेहमी उभा करता येत नाही.’ त्याच वर्षी वॉर्सात माझूरने शब्द पाळला. टोपलीतला जिवंत हंस एन्फ्लोच्या हाती दिला, आणि हा सोहळा पोलिश टीव्हीवर दाखवला गेला. प्रश्न मांडला गेला तेव्हा एन्फ्लोचा जन्मही झालेला नव्हता.

उलामच्या बाबतीत कॅफेची सवय अमेरिकेतही सुटली नाही. 1946 मध्ये मोठ्या आजारातून उठताना तो एकट्याने पत्त्यांचा पेशन्स खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढायचा प्रयत्न केला, जमेना. मग वाटलं, शंभर डाव मांडावेत आणि किती सुटतात ते मोजावं. हाच विचार त्याने फॉन नॉयमनला सांगितला, आणि पदार्थातून जाणाऱ्या न्यूट्रॉनांचा प्रवास संगणकावर आजमावण्यासाठी ‘माँटे कार्लो’ पद्धत उभी राहिली. आज हवामानाच्या अंदाजापासून विम्याच्या हिशेबापर्यंत ती वापरली जाते.

1963 मध्ये एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू असताना त्याने कागदावर चौकटी आखल्या, मधून सुरुवात करून गोलगोल आकडे मांडले आणि मूळसंख्यांवर खुणा केल्या. खुणा तिरप्या रेषांत जमू लागल्या. लॉस अलामोसच्या संगणकावर हजारो संख्यांसाठी ते करून पाहिलं, तरी रेषा तशाच. मार्च 1964 च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर ते चित्र छापून आलं. काही रेषांवर मूळसंख्यांची इतकी दाटी का होते, याबद्दलचं अनुमान गणितज्ञांकडे आहे, सिद्धता अजून कोणाकडे नाही.