कथिलाचा करार आणि गृहीत धरलेली हमी

दुसऱ्या महायुद्धानंतर कच्च्या मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार केवळ बाजाराच्या लहरीवर सोपवू नये, असा विचार बळावला. १९३० च्या दशकातील मंदीत भाव कोसळल्याची आठवण ताजी होती. त्यामुळे गहू, साखर, कॉफी, कथील अशा वस्तूंसाठी उत्पादक व ग्राहक देशांच्या सरकारांनी परस्परांत करार केले. भांड्यांच्या कल्हईपासून खाद्यपदार्थांच्या डब्यांपर्यंत उपयोगी पडणाऱ्या कथिलाचा करार त्यांत दीर्घकाळ यशस्वी मानला गेला.

कराराचे स्वरूप

पहिला करार १९५६ मध्ये अमलात आला. लंडन येथील आंतरराष्ट्रीय कथील परिषद त्याची अंमलबजावणी करीत असे. भारतही ग्राहक देश म्हणून तिचा सदस्य होता. भाव ठरावीक पातळीखाली उतरू लागले की परिषदेने राखीव साठ्यासाठी कथील विकत घ्यावे, भाव फार चढले की ते विकावे आणि गरजेनुसार निर्यातीवर मर्यादा घालावी, अशी ही व्यवस्था होती.

१९८२ च्या सहाव्या करारात अमेरिका व बोलिव्हिया सामील झाले नाहीत. कराराबाहेरील ब्राझीलचे उत्पादन वाढत गेले, तर डब्यांसाठी अॅल्युमिनियमचा वापर वाढल्याने मागणी घटली. तरीही चढा भाव टिकवण्यासाठी परिषद कर्ज काढून खरेदी करीत राहिली. सरकारांची संस्था बुडणार नाही, या विश्वासाने बँका कर्ज देत राहिल्या. तारण होते ते कथीलच!

विश्वासाला तडा

२४ ऑक्टोबर १९८५ रोजी परिषदेचा पैसा संपला. लंडन मेटल एक्स्चेंजमधील कथिलाचे व्यवहार थांबले. भाव जवळजवळ निम्म्यावर आले आणि त्याबरोबर तारणाचे मूल्यही घसरले. बँका व दलालांचे सुमारे ९० कोटी पौंड अडकले. कराराबाहेर असलेल्या बोलिव्हियालाही झळ बसली. आधीच डबघाईला आलेल्या तेथील सरकारी खाण महामंडळातून वीस हजारांहून अधिक कामगार कमी झाले.

धनको न्यायालयात गेले. १९८९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की परिषद ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असून तिच्या कर्जाला सदस्य सरकारे जबाबदार नाहीत. अखेर १९९० मध्ये १८ कोटी २५ लाख पौंडांवर तडजोड झाली.

सरकारांचा हेतू चांगला होता. परंतु बदलती मागणी करारपत्राने थोपवता येत नाही. शिवाय कर्जदाराच्या पाठीशी कोणी मातब्बर असणे आणि त्याने लेखी हमी देणे, यांत मोठे अंतर असते. कर्ज देताना बँक जामीनदाराची सही मागते आणि तारणाचे मूल्य पुन्हा तपासते, तेव्हा ग्राहकाला तो अविश्वास वाटू शकतो. वस्तुतः ठेवीदारांच्या पैशाची ती राखण असते.