ओळख कोणाच्या मालकीची?

जळगावकडची ताप्ती लाइन जेथून फुटते, त्या उधन्याला माझी थोरली बहीण दिली आहे. परवा तिच्याकडे गेलो, तेव्हा बाहेर यंत्रमागांची खडखड चालू होती आणि भाचा मोबाइलवर क्रिकेट खेळण्यात दंग होता. पडद्यावर साक्षात सचिन तेंडुलकर! पुण्याच्या जेटसिंथेसिस कंपनीने २०१७ साली काढलेला ‘सचिन सागा’ हा तो खेळ.

“हा सचिनच्या संमतीने निघालाय,” भाचा म्हणाला. तो कॉलेजच्या व्हॉलिबॉल संघात आहे. “पण मामा, उद्या आमच्या संघावर कोणी असा खेळ काढला, तर आम्हाला कोण विचारणार?”

प्रश्न पोरकट नव्हे. अमेरिकेत तो कोर्टात गेला. एड ओबॅनन हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू. १९९५ साली त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पुढे एका मित्राच्या घरी व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःचीच छबी दिसली. नाव कोठे नाही. पण तोच ३१ आकडा, तोच डावा हात. संमती नाही, मोबदलाही नाही. विद्यार्थी हौशी, त्याने पैसा घ्यायचा नाही, असा तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचा दंडक. गेम मात्र बाजारात विकला जाई. २००९ साली ओबॅननने दावा लावला. २०१४ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. अशा दाव्यांतील खेळाडूंसाठी एकूण सहा कोटी डॉलरांची तडजोडही झाली. २०२१ पासून नाव-रूपाचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. २०२४ साली महाविद्यालयीन फुटबॉलचा गेम पुन्हा निघाला, तेव्हा संमती देणाऱ्या खेळाडूला ६०० डॉलर देऊ केले गेले.

हे सांगताना मला वडील आठवत होते. ते बडोद्याचे दरबारी गायक. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. मी दहा-बारा वर्षांचा असताना मांडवीजवळच्या एका दुकानातून जयजयवंती ऐकू आली. वडील थबकले. “ही तान माझी,” म्हणाले. कोणत्या मैफलीत कोणी ती मुद्रित केली, देव जाणे. कॅसेटवर गायकाचे नाव नव्हते. मी ती विकत घ्यायला लावली आणि रागावलोही. “अरे, गाणे कानी पडते आहे ना?” एवढेच ते बोलले. त्या संध्याकाळी मात्र तंबोरा गवसणीतून बाहेर निघाला नाही.

२०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना अटकाव केला. आशाताईंचा आवाज सारे जग ओळखते. पण ज्याला चार माणसेच ओळखतात, त्याचा आवाज, त्याचा डावा हात त्याचाच नव्हे काय? ओबॅननच्या दाव्याचे मोल मला इथे वाटते.

निघताना भाच्याने विचारले, “आजोबांची ती कॅसेट आहे अजून?”

“आहे.”

“तिच्यावर नाव घातलंत?”

मी निरुत्तर झालो. इतक्या वर्षांत ते मलाही सुचले नव्हते. बडोद्यास परतल्यावर आधी लेखणी घेतली आणि कॅसेटवर वडिलांचे नाव घातले.