पाठ लागल्यावर

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चितपटीनं विजयी ठरवलं. शिवराज राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रीकरण पाहा. त्याची मागणी मान्य झाली नाही, बाचाबाची वाढली आणि त्यानं पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड शेवटच्या काही सेकंदांत एका गुणावरून भांडून आखाडा सोडून गेला. दोघांवरही तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. लाथेचं समर्थन कुणी करू नये. पण असं काही घडलं की ‘आजकालच्या पोरांना हार पचत नाही, जुने पैलवान वेगळेच’ हा जो सूर लागतो, तो मला पटत नाही. हार पचते की नाही, हे पैलवानाच्या स्वभावापेक्षा ती हार त्याला कुठे आणि कशी दिली जाते, यावर जास्त ठरतं. शहरातल्या बंदिस्त संकुलापेक्षा हे बेळगाव, काकती, येळ्ळूर या पट्ट्यातल्या मैदानी कुस्तीत लवकर ध्यानात येतं.

सुगी आटोपली की इकडे यात्रा सुरू होतात आणि यात्रेमागून मैदानं. बेळगावचा आनंदवाडी आखाडा असो की येळ्ळूरच्या चांगळेश्वरी यात्रेतलं मैदान, रीत एकच. दुपारी नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या, अंधार पडता पडता मोठ्या जोड्या. वस्ताद जोड पाहून कुस्ती ठरवतात, मानधन आधीच बोललेलं असतं. हलगी कडाडते, सलामी होते, खडाखडी होते, आणि घिश्शावर किंवा एकलंगीवर पाठ लागली की हजारो डोळ्यांनी एकदम पाहिलेलं असतं. पडलेला पैलवान अंगावरची माती झटकत वस्तादापाशी जातो आणि बहुतेक वेळा तिथंच पुढच्या गावच्या मैदानाची बोलणी सुरू होतात. खांदे टेकले की नाही याची शंका निघाली, तर कुस्ती पुन्हा लावायला फारसं कुणाचं काही जात नाही. हार इथं हंगामातल्या अनेक कुस्त्यांपैकी एक असते. १९७७ साली याच बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी सत्पाल यांना हरवलं. इकडच्या जुन्या माणसांना ती कुस्ती अजून तोंडपाठ आहे. सत्पाल मात्र त्या हारीनं संपले नाहीत. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतलं.

केसरीची गोष्ट निराळी. गदा एक, संधी वर्षातून एखादी, आणि त्या गदेवर पैलवानाचं नाव, पुढच्या मैदानांचा भाव, कधी सरकारी नोकरीसुद्धा टांगलेली. निकाल पंचांच्या शिट्टीवर. राक्षेनं तर ती गदा आधी जिंकलेली होती, मग त्याचा तोल का जावा, असं कुणी विचारेल. मला वाटतं, जिंकलेली होती म्हणूनच. तिची किंमत काय, हे ती न मिळालेल्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. स्पर्धेची मांडणी माणसाच्या चेहऱ्यापर्यंत कशी पोचते, याचा पुरावा बाहेरही आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ज्युदोची लढत संपताक्षणी खेळाडूंचे चेहरे टिपून अभ्यासले गेले. सुवर्णवाल्या १४ पैकी १३ जण हसले, कांस्यवाल्या २६ पैकी १८ जण, आणि रौप्यवाल्यांपैकी एकही नाही. वास्तविक रौप्य कांस्याच्या वरचं. पण कांस्य शेवटची लढत जिंकून मिळतं, रौप्य शेवटची हरून. स्वभावानं रडवे असलेले सगळे नेमके रौप्यावरच कसे येतील?

यावर मैदानं जाणणारा माणूस लगेच नुरा कुस्तीचा विषय काढेल, आणि तो बरोबर काढेल. आपला भाव पडू नये म्हणून बरोबरीत सोडवून घेतलेल्या कुस्त्या, आधीच ठरलेले निकाल, वीस-वीस मिनिटं नुसती खडाखडी आणि कंटाळून उठलेली माणसं, हेही मैदानातलंच. मैदान पैलवानाला साधू बनवतं असा माझा दावा नाहीच. जिथं हार स्वस्त असते तिथं तो ती सोसतो, जिथं महाग पडते तिथं चुकवतो. नुरा हा त्याच व्यवहाराचा दुसरा हिशेब आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो म्हणजे खाशाबा जाधव. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये गादीची सवय नसताना ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेल्या कुस्तीनंतर त्यांना विश्रांती न देता सोव्हिएत संघाच्या मामेदबेयोवसमोर उभं केलं गेलं, आणि हरकत घ्यायला आपला अधिकारी जवळ नव्हता. ते हरले, कांस्य घेऊन गुपचूप परतले. मांडणी अन्यायाची असूनही तोल गेला नाही, मग स्वभाव मोठा नाही का? मोठा होताच. पण लंडनची हार त्यांना चार वर्षांत गादीवर घाम गाळून फेडता आली, हेही मोजलं पाहिजे. आणि हेलसिंकीत तक्रार करायची तरी कुणाकडे? त्यांच्या गप्प राहण्याचा दाखला आजच्या पोरांना देणं मला जरा सोयीचं वाटतं; १९८४ ला ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर कितीतरी वर्षांनी मिळाला, हे दाखला देणारे सांगत नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या केसरीत महेंद्र गायकवाडला मिळालेल्या चार गुणांवरून सिकंदर शेखवर अन्याय झाल्याची केवढी ओरड झाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला पुन्हा केसरी झाली आणि सिकंदरनं अंतिम लढतीत राक्षेलाच हरवून गदा खांद्यावर घेतली. म्हणजे हार फेडायची संधी त्याला वर्षाच्या आत मिळाली. अहिल्यानगरच्या दोघांपुढे मात्र तीन वर्षांची बंदी उभी राहिली.